घरच्या संगणकाचा पासवर्ड वहीत लिहिलेला आहे, पण संगणक तो मानत नाही

गंगावेसकर (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या वापरातील एक संगणक आहे आणि गेले बारा दिवस त्यात कोणालाच शिरता आलेले नाही. प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागितला की सल्लाही अर्धवटच मिळतो, हे मी येथे अनेकदा पाहिले आहे.

आमचे घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याने धोक्याची ४३ फुटांची पातळी केव्हाच मागे टाकून पंचावन्न फूट ओलांडले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरील लाकडी कपाट कागदपत्रांसह पाण्यात होते. वडील, म्हणजे आमचे नाना, माध्यमिक शाळेत मराठीचे शिक्षक होते. पाणी ओसरल्यावर जे कागद वाळवून हाताशी लागले ते सगळे त्यांनी स्कॅन करून घेतले आणि केवळ त्यासाठी त्या वर्षीच्या दिवाळीत हा संगणक घेतला. तो वरच्या मजल्यावर ठेवला आहे, हे सांगायला नको. आज त्यात घराच्या खरेदीखताच्या आणि मिळकत पत्रिकेच्या प्रती आहेत, आजोबांचे फोटो आहेत आणि नाना गेली चार वर्षे लिहीत असलेला शहरातील तालमींचा इतिहास आहे. ही सुमारे तीनशे पाने दुसरीकडे कोठेही उतरवून ठेवलेली नाहीत. ही चूक आमची आहे, त्यामुळे त्याबद्दलचे बोल आधीच मान्य करून टाकतो.

इतकी वर्षे या संगणकाला पासवर्डच नव्हता. दुकानदाराने जोडून दिला, बटण दाबले की थेट चालू होत असे. गेल्या महिन्यात नानांना, आपण पोलीस अधिकारी असून तुमच्या नावावर गुन्हा दाखल झाला आहे, असे सांगणारा फोन आला. नानांनी तो खाली ठेवला, पण मनात धास्ती राहिली आणि काही दिवसांनी एका संध्याकाळी त्यांनी कोणालाही न विचारता संगणकाला पासवर्ड लावला. तो त्यांनी देवघराच्या खणातील वहीत लिहूनही ठेवला. एक शब्द आणि पुढे चार अंक, असे त्याचे स्वरूप आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संगणक तो पासवर्ड चुकीचा असल्याचे सांगतो. आधी नानांनी पाच-सहा वेळा प्रयत्न केला, मग मी बसलो. वहीतला शब्द देवनागरीत असल्याने त्याचे रोमन स्पेलिंग त्यांनी कसे केले असेल याचा अंदाज घेत मी आतापर्यंत तीसेक प्रकार करून पाहिले आहेत. नानांचे मात्र एकच पालुपद आहे, की वहीत लिहिले आहे तेच आहे.

शहरातील एका दुकानात विचारले असता, फॉरमॅट करावे लागेल, आतले काही राहील याची हमी देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. खरोखरच दुसरा मार्ग नाही का?

उद्यमनगरचा कारागीर (रविवार, रात्री १०.२५)

फॉरमॅटला ठाम नकार द्या आणि संगणक घरातून हलवू नका. मी गेली अठरा वर्षे संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहे. आमच्या धंद्यात फॉरमॅट हे औषध नसून आळस आहे, असे मी म्हटले तर काही मित्र रागावतील, पण ते खरे आहे. पाऊण तासात काम संपते, गिऱ्हाइकाचे काय गेले ते त्याला घरी गेल्यावर कळते.

आपण "पासवर्ड" हा एकच शब्द वापरतो, पण घरगुती संगणकावर निदान चार वेगवेगळी कुलुपे असू शकतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे आधी कुलूप ओळखावे. संगणक चालू करताच, विंडोजची खूण दिसण्यापूर्वीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला जात असेल तर ते बायोसचे, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे, कुलूप. निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात असेल तर डिस्कवरील माहिती बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने सांकेतिक केलेली आहे, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचता येत नाही. विंडोज सुरू होऊन नाव आणि त्याखाली चौकट दिसत असेल तर ते खात्याचे कुलूप, आणि त्यातही दोन जाती आहेत. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर पासवर्ड त्या कंपनीकडे नोंदलेला असतो आणि तो मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदलता येतो. मात्र बदलल्यावर आपला संगणक इंटरनेटला जोडलेला असावा लागतो, नाहीतर त्याला नव्या पासवर्डचा पत्ताच नसतो. लोकल खाते असेल तर पासवर्डाची नोंद फक्त त्या संगणकातच असते आणि जगातील कोणतेही ग्राहक सेवा केंद्र तो सांगू शकत नाही.

तेव्हा मला एवढे सांगा. नावाखाली ई-मेल पत्ता दिसतो का? चुकीचा पासवर्ड दिल्यानंतर चौकटीखाली काय येते? डाव्या कोपऱ्यात दुसरे एखादे खाते दिसते का? आणि विंडोज कोणते आहे?

टाउन हॉल (सोमवार, सकाळी ८.१०)

मी वकिली करतो, त्यामुळे माझा प्रश्न रुक्ष वाटेल, तरी विचारतो. संगणक वडिलांचा आहे आणि ते स्वतः तो उघडण्यास सांगत आहेत, हे नक्की ना? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे, तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ लागू होते, आणि दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असे धागे उद्या कोणीही वाचतो, म्हणून हे नोंदवून ठेवणे बरे.

गंगावेसकर (सोमवार, सकाळी ९.०५)

वकीलसाहेब, आपला प्रश्न अगदी योग्य आहे. मी हे लिहीत असताना नाना शेजारच्या खुर्चीत बसले आहेत आणि मधूनमधून माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आहेत. संगणक त्यांचा, पासवर्ड त्यांचा आणि घाईही त्यांचीच आहे.

कारागीरभाऊ, आपल्या प्रश्नांची उत्तरे अशी. विंडोज १० आहे. नावाखाली ई-मेल नाही, फक्त नानांचे नाव आहे. दुसरे खाते नाही. चुकीचा पासवर्ड दिला की चौकटीखाली "पहिली शाळा" अशी सूचना येते आणि पासवर्ड रीसेट करण्याचा दुवा दिसतो. त्या दुव्यावर टिचकी मारली की पासवर्ड रीसेट डिस्क जोडण्यास सांगितले जाते. अशी डिस्क आमच्याकडे कधीच नव्हती. वहीतला शब्द नानांच्या पहिल्या शाळेच्या गावाचाच आहे, म्हणजे सूचना आणि वही यांचा मेळ बसतो.

रंकाळाकाठ (सोमवार, दुपारी १.३०)

माझ्या मेहुण्याच्या संगणकाचे असेच झाले होते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी दहा मिनिटे काढून ठेवली आणि पासवर्ड गेला. इतका साधा उपाय असताना एवढी चर्चा कशाला?

उद्यमनगरचा कारागीर (सोमवार, दुपारी २.१५)

दादा, तुमच्या मेहुण्यांचा पासवर्ड बायोसचा असणार. ती बॅटरी बायोसच्या मांडणीला आणि घड्याळाला आधार देते. बऱ्याच डेस्कटॉप संगणकांत ती काढल्याने बायोसचा पासवर्ड पुसला जातो. विंडोजचा पासवर्ड हार्ड डिस्कवर असतो, त्याला बॅटरीशी काही देणेघेणे नाही. नाना बॅटरी काढून बसतील आणि संगणकाची तारीख तेवढी मागे जाईल. बिटलॉकर असलेल्या यंत्रावर तर असली छेडछाड केल्यामुळे ४८ अंकी कीची मागणी नव्याने उभी राहू शकते, म्हणजे एका कुलपाची दोन कुलपे.

गंगावेसकर, तुमच्या उत्तरावरून चित्र स्पष्ट झाले. हे लोकल खाते आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये नवे लोकल खाते पासवर्डसह तयार करताना तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे आठवत असतील तर दोन मिनिटांत नवा पासवर्ड लावता येतो. पण तुमचे खाते दुकानदाराने पासवर्डविना उघडले आणि पासवर्ड नानांनी नंतर सेटिंग्जमधून लावला. त्या वाटेने फक्त पासवर्ड, तोच पुन्हा, आणि एक सूचना एवढेच विचारले जाते. प्रश्नच नोंदलेले नाहीत, म्हणून तो डिस्क मागतो आहे.

आता काळजीचे कारण कमी आहे असे का म्हणतो, ते सांगतो. २०१९ साली दुकानात जोडलेल्या घरगुती संगणकावर बिटलॉकर चालू असण्याची शक्यता फारच थोडी. निळा पडदा कधी आला नाही, यावरूनही तेच दिसते. म्हणजे खात्याला कुलूप आहे, डिस्कला नाही. हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याच्या पेटीत, घातली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली की नानांचे फोल्डर दिसेल. परवानगी नसल्याचा इशारा येईल, तेथे पुढे जाण्याचे बटण दाबावे, परवानगी बदलायला थोडा वेळ लागतो. डिस्क काढायची नसेल तर पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही विंडोजसारखी दुसरी प्रणाली घेऊन, ते संगणकात न बसवता नुसते चालवून, फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. पासवर्डाचे काय करायचे ते नंतर पाहू, आधी तीनशे पाने बाहेर काढा.

रंकाळाकाठ (सोमवार, दुपारी ३.००)

बॅटरीविषयी चूक मान्य. पण पेनड्राइव्हवरून पासवर्ड पुसून टाकणारी साधनेही मिळतात ना? मग फायली उतरवण्याचा खटाटोप तरी कशाला?

उद्यमनगरचा कारागीर (सोमवार, दुपारी ३.४०)

मिळतात, आणि धंद्यात मीही वापरली आहेत, पण फायलींची प्रत हाती असल्याशिवाय कधीच नाही. कारण दोन. बाहेरून जबरदस्तीने पासवर्ड पुसला की त्या खात्याच्या आधाराने विंडोजने सांकेतिक करून ठेवलेल्या गोष्टी, म्हणजे ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड आणि विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद केलेल्या फायली, कायमच्या मिटतात. जुना पासवर्ड हीच त्यांची किल्ली असते. दुसरे असे, की इंटरनेटवर अशा साधनांच्या नावाखाली काय काय उतरवून मिळते याचा नेम नाही. ज्या माणसाने फसवणुकीच्या भीतीने पासवर्ड लावला, त्याच्याच संगणकात आपण अनोळखी प्रोग्रॅम घालायचा, हे मला तरी पटत नाही.

बावड्याची माहेरवाशीण (सोमवार, रात्री ८.५०)

गंगावेसकरांचे खाते लोकल आहे हे वाचून हायसे वाटले, कारण माझा अनुभव दुसऱ्या जातीच्या कुलपाचा आहे. आईचा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याचा होता आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तिने दीड वर्षापूर्वीच बंद केलेला होता. पासवर्ड विसरल्यावर कोड त्या बंद क्रमांकावर जात राहिला. पर्यायी ई-मेल म्हणून वडिलांच्या जुन्या कार्यालयाचा पत्ता दिलेला, तोही निवृत्तीनंतर बंद. सुदैवाने तिला एक जुना पासवर्ड आठवला आणि तेवढ्यावर खाते उघडले, पण सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलावी लागली आणि अशा वेळी मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांची वाट पाहायला लावते. मधल्या काळात मूळ मालकाला हरकत घेता यावी, हा त्यामागचा हेतू असतो. आई तो महिनाभर कॅलेंडरवर फुल्या मारत होती.

त्यातून शिकून मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा आधी रिकव्हरी की शोधली. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकावर डिस्क सांकेतिक करण्याची सोय बहुधा आपोआप चालू होते आणि ४८ अंकी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. मी ती कागदावर उतरवली आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कपाटात ठेवला.

अजून एक. हताश होऊन इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधू नका. आईला शोधात जो पहिला क्रमांक मिळाला तो भामट्यांचा होता. त्यांनी संगणकाचा ताबा दूरून देण्यास सांगितले तेव्हा शेजारच्या मुलाने वेळीच वायफाय बंद केले. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

गंगावेसकर (बुधवार, रात्री १०.००)

सर्वांचे आभार. यूएसबी केस शनिवारी आणणार आहे, कारण त्याआधी कामावरून सुटका नाही. तोवर स्पेलिंगचा खेळ चालू ठेवला आहे. आपली देवनागरी सरळ असली तरी रोमनमध्ये तिचे किती फाटे फुटतात हे या निमित्ताने कळले. दीर्घ ऊ साठी दोन ओ की एक यू, आकारासाठी एक ए की दोन, व साठी व्ही की डब्ल्यू, शिवाय पहिले अक्षर मोठे की लहान. पाच अक्षरी शब्दाचे मी कागदावर ६४ पर्याय मांडले आणि त्यातील ४१ करून झाले आहेत. चौकटीतील डोळ्याच्या खुणेवर दाबून प्रत्येक वेळी टंकलेले बरोबर आहे ना हेही पाहतो. मधेच संगणक काही काळ थांबायला लावतो, तेवढ्यात चहा होतो.

नानांना मी विचारले, की तुम्ही नेमके स्पेलिंग काय केले. ते म्हणाले, "स्पेलिंग कसले? शब्द वहीत आहे." आता त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, वयाचा प्रश्न आहे.

कळफलक (गुरुवार, रात्री ११.२०)

धागा उशिरा वाचला. एक बारीक शंका आहे आणि ती ४२ वा पर्याय करून पाहण्याआधी विचारात घ्यावी, अशी विनंती.

आपण लिहिले आहे की चौकटीखाली "पहिली शाळा" अशी सूचना येते. ही दोन शब्दांची सूचना पडद्यावर देवनागरीतच दिसते, की ती रोमनमध्ये आहे आणि आपण आमच्यासाठी मराठीत लिहिली? आपण सगळे येथे देवनागरीतच लिहितो, त्यामुळे तुमच्या मजकुरावरून ते कळत नाही.

दुसरे, नाना तो तीनशे पानांचा इतिहास कसा टंकतात?

गंगावेसकर (शुक्रवार, सकाळी ७.१५)

सूचना देवनागरीतच दिसते. नाना इनस्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक कळेला थेट देवनागरी अक्षर देणाऱ्या कळफलकाने, टंकतात. निवृत्तीनंतर कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून शिकले आणि आता पट्ट्या झिजून गेल्या तरी त्यांचे अडत नाही. पण याचा पासवर्डाशी काय संबंध?

कळफलक (शुक्रवार, सकाळी ७.५०)

संबंध असा, की आपले वडील सतरा दिवसांपासून खरे तेच सांगत आहेत.

विंडोज ८ पासून कळफलकाची भाषा सर्व खिडक्यांना मिळून एकच असते, वेगळी मांडणी मुद्दाम केली नसेल तर. नाना मराठीत लिहीत होते, लिहिता लिहिता सेटिंग्ज उघडून त्यांनी पासवर्ड लावला, तेव्हा कळफलक मराठीच होता. सूचना देवनागरीत उमटली, हाच त्याचा पुरावा आहे. त्याच खिडकीत, तिच्या वरच्या दोन चौकटींत टंकलेला पासवर्डही देवनागरीतच गेला असणार. विंडोजच्या पासवर्डाला रोमन अक्षरांचे बंधन नाही. बंधन आपल्या डोक्यात आहे. पासवर्ड म्हटला की तो रोमनमध्येच असणार, असे तुम्ही धरले, मीही तिसऱ्या वाचनापर्यंत तसेच धरले होते.

मग स्वतः नानांना का जमले नाही? संगणक नव्याने सुरू केला की साइन-इनच्या पडद्यावर यादीतील पहिला कळफलक येतो आणि तो आपल्याकडे बहुधा इंग्रजी असतो. नानांची बोटे इनस्क्रिप्टच्या सवयीने अचूक कळा दाबत होती, पण पडद्यावर फक्त ठिपके दिसत असल्याने आत रोमन अक्षरे जात आहेत हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. उदाहरणार्थ, इनस्क्रिप्टने "कोल्हापूर" टंकण्यासाठी ज्या कळा दाबाव्या लागतात त्यांवर इंग्रजीत के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे ही अक्षरे आहेत. कळफलक इंग्रजी असेल तर संगणकाला ही निरर्थक माळ मिळते. उलट, मराठी कळफलक चालू असताना कोल्हापूरचे रोमन स्पेलिंग टंकले तर "कदतपोजही" असे काहीतरी उमटते. त्यामुळे नानांची बोटे बरोबर असून भाषा चुकत होती, आणि तुमचा तर शब्दच वेगळा होता.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असेल. तिच्यावर टिचकी मारून, किंवा विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबून, मराठी निवडा. मग नानांना बसवा. डोळ्याची खूण दाबून देवनागरी उमटते आहे ना ते पाहा. शंका वाटल्यास तेथेच सुलभतेच्या खुणेतून पडद्यावरचा कळफलक उघडा, त्यावर चालू भाषेची अक्षरे दिसतात. पुढचे चार अंक त्यांनी वरच्या ओळीतून दिले की उजवीकडच्या अंकपट्टीतून, तेही विचारून घ्या. पासवर्ड काय आहे ते मात्र येथे लिहू नका.

उद्यमनगरचा कारागीर (शुक्रवार, सकाळी ८.३०)

कळफलकराव, अठरा वर्षांत माझ्या टेबलावर असे किती संगणक आले असतील आणि मी किती जणांचे पासवर्ड पुसून दिले असतील, याचा विचार करतो आहे. कॅप्स लॉक आणि नम लॉक मी पहिल्यांदा तपासतो. भाषेची खूण कधी तपासली नाही.

गंगावेसकर (शुक्रवार, रात्री ८.४५)

उघडला.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर नानांना खुर्चीत बसवले. कोपऱ्यात भाषेची खूण होती, इतके दिवस डोळ्यांसमोर असून ती मला दिसली नव्हती. मराठी निवडली आणि नानांनी शब्द टंकला. डोळ्याची खूण दाबल्यावर चौकटीत त्यांच्या गावाचे नाव स्वच्छ देवनागरीत उभे होते. पहिला प्रयत्न तरीही फसला आणि माझा चेहरा उतरला. नानांनी शांतपणे कीबोर्डकडे बोट केले, नम लॉकचा दिवा बंद होता. अंक ते नेहमी उजवीकडच्या पट्टीतून देतात आणि तो दिवा बंद असला की तेथून अंक उमटत नाहीत. दिवा लावून पुन्हा टंकले आणि आत गेलो. इतिहासाची फाइल ज्या वाक्यावर सोडली होती त्याच वाक्यावर उघडली. खासबाग मैदानाच्या प्रकरणात एक वाक्य अर्धे राहिले होते, ते नानांनी आधी पूर्ण केले आणि मगच मला बोलू दिले.

मी त्यांना, आधी सांगायचे नाही का, असे विचारण्याच्या बेतात होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी पाणी आणायला आत गेलो. बुधवारी मी येथे त्यांच्या वयाविषयी जे वाक्य लिहिले, तेही त्यांनी आज वाचले.

आता पुढे काय काय करून ठेवावे, ते सांगा.

उद्यमनगरचा कारागीर (शुक्रवार, रात्री ९.२०)

मनापासून आनंद झाला. आजच्या आज एक बाहेरची हार्ड डिस्क आणून सगळे उतरवून घ्या. शनिवारच्या यूएसबी केसचे पैसे त्यात घाला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे आज ना उद्या यंत्र बदलावे लागेलच, तेव्हाही ती प्रत कामी येईल. मग एक दुसरे प्रशासक खाते तुमच्या नावाने उघडा. एका प्रशासक खात्यातून दुसऱ्या लोकल खात्याचा पासवर्ड बदलता येतो, तेवढी एक सोय असती तर हा धागा दोन ओळींत संपला असता. कंट्रोल पॅनेलमधून पासवर्ड रीसेट डिस्क करून घ्या. साधा पेनड्राइव्ह चालतो आणि पुढे पासवर्ड कितीदा बदलला तरी तो एकदाच करावा लागतो. मात्र तो ज्याच्या हाती लागेल त्याला आत जाता येते, म्हणून देवघराच्या खणात वहीच्या शेजारी नको.

सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या पर्यायांत सुरक्षा प्रश्नही भरून टाका.

गंगावेसकर (शनिवार, दुपारी १२.३०)

डिस्कवर सर्व उतरवले, माझे खाते उघडले, पेनड्राइव्ह तयार करून माझ्या कपाटात ठेवला.

सुरक्षा प्रश्नांना मात्र पाऊण तास लागला. यादीत सहाच प्रश्न आहेत आणि ते दुसऱ्याच कोणत्या तरी समाजासाठी लिहिलेले दिसतात. आईवडील कोणत्या शहरात भेटले, या प्रश्नावर नाना म्हणाले, की ते लग्नाच्या मांडवातच प्रथम भेटले आणि ते शहर नव्हते. सर्वांत मोठ्या कझिनचे नाव काय, यावर त्यांनी चुलत, मावस, आते की मामे असा उलट प्रश्न केला. पाळीव प्राण्यात म्हैस धरायची का, हेही झाले. शेवटी पहिली शाळा, जन्मगाव आणि लहानपणीचे टोपणनाव हे तीन घेतले. टोपणनाव मला आज पहिल्यांदा कळले, ते येथे लिहीत नाही.

बावड्याची माहेरवाशीण (शनिवार, दुपारी १.१०)

उत्तरे कोणत्या लिपीत भरली, ते वहीत लिहिलेत ना?

कळफलक (शनिवार, दुपारी १.४०)

हेच विचारणार होतो. आणि पासवर्ड अजून तोच देवनागरीतला आहे का?

गंगावेसकर (शनिवार, सायंकाळी ६.००)

उत्तरे रोमनमध्ये भरली आणि तशी नोंदही केली. पासवर्डाबाबत नाना आधी ऐकेनात. त्यांचे म्हणणे, की जो मुलाला सतरा दिवसांत सापडला नाही तो चोराला काय सापडणार. त्यात तथ्य आहे, हे मलाही नाकारता येईना. मग मी त्यांना एवढेच विचारले, की यंत्र कधी दुरुस्तीच्या पडद्यावर अडकले आणि तेथे मराठी कळफलक मिळाला नाही तर काय करायचे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग वही मागितली.

नवा पासवर्ड त्यांनी रोमनमध्ये लावला आहे. वहीत तो एकेक अक्षर सुटे, प्रत्येकाखाली रेघ मारून लिहिला आहे, मोठ्या अक्षराखाली दोन रेघा आहेत आणि बाजूला समासात लाल शाईने शेरा आहे: "कळफलक इंग्रजी. नम लॉक चालू. स्पेलिंग हेच."